सात येनांना विकलेला किल्ला : जपानचा डोंगरी किल्ला कसा बघावा

ओकायामा स्टेशनवर उतरलं की आधी गावातलाच किल्ला बघावा असा मोह होतो. काळाकुळकुळीत, छपरावर सोनेरी मासे, शेजारून वाहणारी नदी. आत लिफ्टही आहे. असणारच, कारण ही इमारत 1966 सालची आणि काँक्रीटची आहे. मूळचा लाकडी मनोरा 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला. ओसाका, नागोया, हिरोशिमा या नावाजलेल्या किल्ल्यांचे आजचे मनोरेही असेच काँक्रीटचे. बाहेरून किल्ला, आतून संग्रहालय. बघू नयेत असं नाही, पण काय बघतोय हे माहीत असलेलं बरं.

लाकडी मनोरा अजून मूळ रूपात उभा आहे असे किल्ले जपानभर मोजून बारा उरलेत. त्यातले बहुतेक सपाटीवर किंवा गावातल्या टेकडीवर आहेत. खऱ्या अर्थाने डोंगराच्या माथ्यावर आहे तो एकच, बित्चू मात्सुयामा. ओकायामाहून हाकुबी मार्गाच्या गाडीने वर डोंगरात निघायचं आणि पाऊण तासाच्या आसपास बित्चू-ताकाहाशी स्टेशनवर उतरायचं. स्टेशनाच्या नावातलं ‘बित्चू’ विसरू नका. शिकोकू बेटावर मात्सुयामा नावाचं मोठं शहर आहे आणि तिथेही टेकडीवर किल्ला आहे. तिकडे रोपवे आहे, इकडे पाय आहेत. या दोन मात्सुयामांचा घोळ जुनाच. 1869 मध्ये इथल्या संस्थानाचं नाव बदलून ताकाहाशी केलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

वर पोहोचल्यावर माझ्या मावसभावाच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “एवढुसाच?” मनोरा दोन मजली, जेमतेम 11 मीटर उंच. फोटोत बघितलेल्या हिमेजीच्या पांढऱ्याशुभ्र महालापुढे हे म्हणजे धाकटं भावंड. त्याचा हिरमोड रास्त होता, पण त्याने बघायला सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली होती. डोंगरी किल्ल्यात मनोरा ही शेवटची गोष्ट. किल्ला म्हणजे अख्खा डोंगर, आणि तो पायथ्यापासून बघत यायचा.

जपानीत किल्ल्याला ‘शिरो’ म्हणतात. ते लिहायचं चित्राक्षर दोन भागांचं आहे. डावीकडे ‘माती’, उजवीकडे ‘घडणे, होणे’. मातीचं घडवलेलं ते शिरो. जुने जपानी किल्ले खरोखर तसेच होते. दगडी तट नाही, मनोरा नाही. एखादा सोयीचा डोंगर धरायचा, माथा तासून सपाट करायचा, उतार आणखी उभे करायचे, धार तोडून खंदक काढायचा आणि वर लाकडी कुंपण घालायचं. शत्रू आला की वर जायचं, तो गेला की खाली घरी यायचं. अशा किल्ल्याला ‘यामाजिरो’ म्हणतात. यामा म्हणजे डोंगर.

बित्चू मात्सुयामाही असाच सुरू झाला. 1240 मध्ये आकिबा शिगेनोबू नावाच्या स्थानिक सरदाराने गाग्यू डोंगराच्या एका शिखरावर पहिली गढी बांधली. गाग्यू म्हणजे बसलेला बैल. या डोंगराला चार शिखरं आहेत, आणि लांबून बघितलं तर गवतात बसलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखा दिसतो म्हणे. मला बैल काही दिसला नाही. आजचा मनोरा कोमात्सुयामा नावाच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून 430 मीटरवर आहे.

मग किल्ले डोंगरावरून खाली का उतरले? 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली. लढाया मोठ्या झाल्या, आणि सरदारांना नुसता लपायला माथा पुरेना. त्यांना बाजारपेठ हवी होती, रस्ते आणि नदी हाताशी हवी होती, शिपाई आणि कारागीर जवळ राहायला हवे होते. 1576 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने बिवा सरोवराकाठी आझुची किल्ला बांधायला घेतला. चहूकडे दगडी तट आणि मध्ये झगमगता उंच मनोरा, ही जी जपानी किल्ल्याची प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे येते ती तिथून रूढ झाली. या मनोऱ्याला ‘तेन्शु’ म्हणतात. पहारा आणि शेवटचा आसरा ही त्याची कामं खरीच, पण त्याहून मोठं काम दिसण्याचं. खालच्या गावातल्या प्रत्येकाने मान वर करून बघावं आणि धनी कोण ते समजावं.

पुढे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधीशांची, राजवट बसली. 1615 मध्ये हुकूम निघाला, एका संस्थानात एकच किल्ला, बाकीचे पाडा. आहे त्याची डागडुजी करायची तरी परवानगी घ्या. शेकडो डोंगरी किल्ले तेव्हा ओस पडले. बित्चू मात्सुयामा राहिला, कारण त्या संस्थानाचा तो मुख्य किल्ला होता. गंमत म्हणजे आज जे उभं आहे ते 1681 ते 1683 या काळातलं, मिझुनोया कात्सुमुने या सरदाराने बांधून घेतलेलं. तेव्हा देशात लढाई नव्हती. हे संस्थान 50 हजार कोकूंचं. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, दीडशे किलोच्या आसपास. असं मध्यम संस्थान, शांततेचा काळ, आणि तरीही डोंगरावर लाकूडफाटा चढवून मनोरा बांधला. पहिला हेतू प्रतिष्ठेचा असावा, दुसरं काही पटत नाही.

राहायला मात्र कुणी वर गेलं नाही. सरदाराचा वाडा आणि कचेरी पायथ्याला, ‘ओनेगोया’ नावाच्या जागी होती. रोजचा कारभार तिथून चाले. वरचा किल्ला आणि खालचा वाडा यांच्यात निरोप पोहोचवायला मधल्या दोन टप्प्यांवर नगारे ठेवले होते. खालून एक वाजवायचा, मधला ऐकून पुढे वाजवायचा. त्या जागांचे दगडी चौथरे अजून वाटेवर आहेत. नगाऱ्याचा आवाज ऐकून धापा टाकत वर पळणाऱ्या शिपायांची मला फार कीव आली, विशेषतः तिसऱ्या वळणावर.

चढाई आता सोपी केली आहे. फुईगो नावाच्या खिंडीपर्यंत टॅक्सी जाते. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या खालीच लावून शटल बसने वर यावं लागतं. खिंडीपासून पुढचे 700 मीटर मात्र सगळ्यांना पायीच. वीस मिनिटं लागतात, सह्याद्री तुडवलेल्या माणसाला पंधरा. वाट झाडीतून जाते आणि मध्येमध्ये पाट्या लागतात. पाट्यांची भाषा जुन्या दरबारी थाटाची, ‘सावकाश चालावे’ छापाची आणि खाली सही ‘किल्ल्याचे धनी’. या डोंगरावर माकडंही आहेत, त्यांचा अधिवास राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून राखलेला आहे. खाऊची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि मग एका वळणावर झाडी सरते आणि समोर ओतेमोन येतं. ओतेमोन म्हणजे महादरवाजा. दरवाजा आता नाही, जागा आहे. पण ही जागा या किल्ल्यातली सगळ्यात भारी जागा, मनोऱ्याहूनही. माझं ऐकाल तर इथे अर्धा तास काढा.

उजव्या हाताला दहा मीटरहून उंच नैसर्गिक कडा आहे. त्याच्या डोक्यावर दगडी तट चढवलाय, तटावर पांढरी भिंत. एकावर एक असे तट वर वर जात राहतात. कडा कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. बांधणाऱ्याने डोंगराशी भांडण केलेलं नाही, डोंगराला कामाला लावलंय. कड्याच्या फटींत झाडांची मुळं शिरलीत आणि ती फटी रुंदावतात, ही तिथल्या लोकांची आजची डोकेदुखी.

दरवाज्याची रचना आपल्या ओळखीची. जपानी दरवाजा सरळ आत नेत नाही. पहिल्या दारातून आत आलात की चौकोनी चौकात अडकता आणि पुढचा रस्ता काटकोनात वळतो. या चौकाला ‘मासुगाता’ म्हणतात. मासू म्हणजे धान्य मोजायचं चौकोनी लाकडी माप. मापात तांदूळ भरावा तशी आत शत्रूची माणसं भरतात आणि तीन बाजूंच्या तटांवरून त्यांच्यावर मारा होतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या वळणाआड दडवलाय, डोकं तेच. फरक हा की जपानी किल्ल्यात गोल बुरूज सहसा नाहीत. तिथे तटच दर थोड्या अंतराने काटकोनात मोडतो, म्हणजे तटाला भिडलेल्या माणसाला शेजारच्या कोपऱ्यातून टिपता येतं.

आता तटाच्या दगडांजवळ जा. चुना नाही, गारा नाही, नुसते दगडावर दगड. सगळ्यात जुनी पद्धत ‘नोझुरा-झुमी’, डोंगरात सापडले तसे ओबडधोबड दगड रचायचे. त्यानंतरची ‘उचिकोमी-हागी’, कडा ठोकून दगड जरा जुळवून घ्यायचे आणि फटींत छोटे दगड ठोसायचे. शेवटची ‘किरिकोमी-हागी’, पूर्ण घडीव दगड, मध्ये नखही शिरू नये असे. आपल्याला घडीव काम उच्च वाटतं. पण ओबडधोबड रचाईतून पाणी सहज निघून जातं, आणि पावसाळी देशात तटाचा पहिला वैरी पाणी.

तटाचा खरा जीव आत असतो, तो दिसत नाही. दर्शनी दगडांमागे गोट्यांचा जाड थर भरलेला असतो. पाऊस त्यातून झिरपून जातो, मागच्या मातीचा फुगवटा तटावर येत नाही. भूकंपात हा थर थोडा हलतो, बसतो, धक्का पचवतो. सगळं घट्ट जोडून टाकलं असतं तर तडा गेला असता. कोपऱ्यावर लांबट दगड आलटून पालटून ठेवतात, एकाचं लांब अंग इकडे, वरच्याचं तिकडे. 2016 च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्याचा एक तट ढासळला, पण वरचा बुरुजवाडा कोपऱ्याच्या दगडांच्या एका उभ्या खांबावर तोलून उभा राहिला. तो फोटो जगभर गाजला. खांब कसला, हीच आलटून पालटून केलेली रचाई.

तटाच्या माथ्यावरची पांढरी भिंत मातीची आहे. बांबूची जाळी बांधायची, तिच्यावर पेंढा कालवलेल्या मातीचे थर द्यायचे, वरून चुन्याचा गिलावा. या गिलाव्यात समुद्री शेवाळ उकळून केलेला चीक आणि तागासारखे तंतू मिसळतात. माती म्हणजे कच्चं काम असं समजू नका. ती पेट घेत नाही, आणि गिलावा शाबूत असेपर्यंत पाऊसही सोसते. इथल्या भिंतीचा काही भाग मूळचा आहे आणि त्याला जोडून नवा बांधलाय. नवा सुतात आणि गुळगुळीत. जुन्याच्या पृष्ठभागावर हलकेसे चढउतार आहेत, जुन्या घरातल्या सारवलेल्या भिंतीसारखे. भिंतीत जंग्या आहेत, दोन आकारांच्या. उभ्या आयताकृती बाणांसाठी, कारण धनुष्य उभं धरतात. गोल बंदुकीसाठी. वाकून आतल्या बाजूने एका गोल जंगीतून बघा. आपण धापा टाकत चढून आलो ती वाट नेमकी समोर दिसते.

त्यापुढे सान्नोमारु, निनोमारु, होनमारु. म्हणजे तिसरा, दुसरा, मुख्य. माच्या ओलांडत बालेकिल्ल्याकडे जावं तशीच ही चढण. निनोमारुच्या मोकळ्या पटांगणातून मनोरा पहिल्यांदा पूर्ण दिसतो. मावसभावाचं ‘एवढुसाच’ इथलंच.

आत बूट काढून जायचं. लाकडाचा गार स्पर्श, अंधार, आणि जिना कसला, शिडीच. खालच्या मजल्यावर जमिनीत खोदलेली लांबट चूल आहे. मनोऱ्यात चूल हे जपानात दुर्मीळ. वेढा पडला तर सरदाराचं जेवण आणि ऊब इथे, असा हिशोब. जरा उंचावर एक बंद खोली आहे, सरदाराच्या कुटुंबासाठी. तिच्या जमिनीखाली दगड भरून टाकलेत, खालून कुणी घुसू नये म्हणून. सगळंच हातचं गेलं तर शेवट इथेच करायचा, असंही सांगतात. त्या खोलीत पर्यटक पटकन फोटो काढून बाहेर पडतात. वरच्या मजल्यावर देवघर आहे. तोफ नाही, दरबार नाही. चूल, लपायची खोली आणि देव. संकटात माणसाला लागतं तेवढंच.

बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तुम्ही मनोऱ्याच्या पाठीमागे जा. तिथे खडकावर उभा असलेला दोन मजली जुना बुरुजवाडा आहे, तोही मूळचा. आणि त्याच्यापलीकडे डोंगराची धारच आडवी तोडलेली आहे. याला ‘होरिकिरी’ म्हणतात. पायथ्याकडून येणाऱ्याला महादरवाजा अडवतो, पण मागच्या शिखरांवरून धारेने चालत येणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून ही खाच. मातीच्या जमान्यातला किल्ला बघायचा असेल तर तो या बाजूला आहे. आणखी पुढे गेलात तर दगडांनी बांधलेलं मोठं टाकंही लागतं. पाण्याशिवाय गड भांडत नाही, हे तिथेही तितकंच खरं.

एक गोष्ट सांगायची राहिली. 1693 मध्ये मिझुनोया घराण्याला वारस उरला नाही आणि शोगुनाने संस्थान खालसा केलं. किल्ला ताब्यात घ्यायचं काम आको संस्थानच्या आसानो सरदाराकडे आलं. त्याचा कारभारी ओइशी कुरानोसुके इथे येऊन वर्षभराहून अधिक काळ किल्ला सांभाळत राहिला. आठ वर्षं गेली. 1701 मध्ये त्याच्याच धन्याने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात एका दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली, त्याला पोट चिरून घ्यायची शिक्षा झाली, आणि आकोचा किल्ला जप्त झाला. या खेपेला किल्ला सोपवून बाहेर पडणारा ओइशी होता. पुढे 46 साथीदारांसह त्याने त्या अधिकाऱ्याला मारून धन्याचा सूड घेतला. सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईंची, म्हणतात ती हीच कथा. चढताना ओइशी टेकला होता असा एक दगड वाटेवर दाखवतात. बसायला चांगला आहे.

आता सात येनांबद्दल. शोगुनशाही संपली, आणि 1873 मध्ये नव्या सरकारने देशभरचे किल्ले मोडीत काढायचा हुकूम दिला. 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि तट फोडले ते परक्यांनी. इथे घरच्यांनीच विक्री मांडली. बित्चू मात्सुयामा 7 येनांना गेला. विकत घेणाऱ्याला लाकूड आणि कौलं हवी असणार. पण ती 430 मीटरवरून उतरवून आणायची कोणी? मजुरी मालापेक्षा जड. म्हणून मनोरा तसाच सोडून दिला. खालचा वाडा रस्त्याला लागून होता, तो पाडला गेला.

वर झाडी वाढली, छप्पर गळू लागलं, गावाला किल्ल्याचा विसर पडला. मग गावातल्या माध्यमिक शाळेतल्या एका शिक्षकाने डोंगर चढून त्याचा अभ्यास सुरू केला, लिहिलं, लोकांच्या मागे लागला. 1940 च्या सुमाराला दुरुस्ती झाली तेव्हा गावकरी आणि शाळेतली पोरं कौलं पाठीवर घेऊन वर गेली. 1950 मध्ये किल्ल्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

जायच्या आधी दोन गोष्टी. ढगांच्या समुद्रात तरंगणारा किल्ला असा फोटो बघून निघाला असाल तर तो किल्ल्यावरून दिसत नाही. ज्यावर उभे आहात तेच तरंगताना कसं दिसणार? समोरच्या डोंगरावर त्यासाठी वेगळी जागा आहे. शरदात रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन पटापट गार होते, ताकाहाशी नदीच्या खोऱ्यातली दमट हवा धुकं होऊन साचते आणि माथा तेवढा वर राहतो. ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबरची सुरुवात हा उत्तम काळ, वेळ पहाटेपासून आठपर्यंत. किल्ला नऊला उघडतो, तोवर धुकं विरलेलं असतं. त्यामुळे पहाटेची टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा, आधी समोरचा डोंगर करा, मग नाश्ता, मग किल्ला.

दुसरी गोष्ट मांजराची. जुलै 2018 मध्ये या भागात मोठा पूर आला आणि पर्यटक आटले. त्यानंतर एक घर चुकलेला बोका किल्ल्यावर येऊन राहिला. त्याचं नाव सान्जुरो ठेवलं, याच संस्थानातून आलेल्या एका सामुराईच्या नावावरून, आणि त्या डिसेंबरात त्याला रीतसर किल्ल्याचं धनीपद दिलं. मध्यंतरी तो पळाला, तीनेक आठवडे सापडेना, गाव हवालदिल. त्याला बघायला लोक परत डोंगर चढू लागले. तज्ज्ञांनी तटबंदीवर कितीही लिहिलं तरी एका बोक्याची बरोबरी होत नाही, हे मी हा लेख लिहिताना खेळीमेळीने मान्य करते.

उतरताना टॅक्सी नको, चालत या. वाट पायथ्याशी ओनेगोयाच्या जागी येते. वाडा गेला तरी त्याचे दगडी तट जागेवर आहेत आणि आत आता ताकाहाशी हायस्कूल आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळा सुटत होती. पोरं सायकली हातात धरून त्या तटांमधल्या उतारावरून खाली येत होती, आणि वर बघत कुणीच नव्हतं.